ब्रेक, क्लच आणि दलदल

मास्तरांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या आधी फाटायचा. मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत आणि त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच बसवलेला होता. शिकणारा गांगरला, की मास्तरांचा उजवा पाय ब्रेकवर आणि पाठोपाठ डावा क्लचवर. वर्षानुवर्षं लोकांचे जीव वाचवून वाचवून हे पाय आता मास्तरांनाही जुमानत नव्हते. लिफ्ट खाली जाऊ लागली की उजवा पाय दाबला जाई. टीव्हीवर कुणी गाडी पळवली की पायाखालचा गालिचा गोळा होई. एकदा शेजारीणबाईंच्या हातून कपबशांचा ट्रे निसटताना बघून मास्तरांनी बसल्या जागी फरशीवर ब्रेक मारला होता. कपबशा फुटायच्या त्या फुटल्याच, पण आपल्याकडून कसूर झाली नाही याचं मास्तरांना समाधान होतं.

पायांचं एक वेळ चालून गेलं असतं, पण मास्तरांना तोंडही होतं. त्यांनी हौसेने बायकोला गाडी शिकवायला घेतली, तेव्हा त्या तोंडाने घात केला. बायकोचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचं पोट किती सुटलंय हे ती नजरेने सांगायची आणि ऐकून घ्यायची सवय तिला अजिबात नव्हती. भर चौकात, सिग्नल हिरवा असताना, मास्तर "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!" असे ओरडले. तिने शांतपणे गाडी बंद केली, चावी मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि दार उघडून ती चालत घरी निघून गेली. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. त्याच आठवड्यात तिने माउंटन बाइक विकत घेतली.

तेव्हापासून तिचे रविवार सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर जाऊ लागले. टोळीचा म्होरक्या होता कोपऱ्यावरचा केमिस्ट. उंच, सडपातळ आणि चढ चढतानासुद्धा बोलू शकणारा. मास्तरांना तो बघवत नसे. रविवारी मास्तर आधीच स्वच्छ असलेली गाडी धूत, पेपर उलटसुलट वाचत आणि रिकाम्या स्वयंपाकघरात कुकरलाच शिट्टी कधी द्यायची ते सांगत बसत. खरं सांगायचं, तर बायकोवाचून त्यांना घर खायला उठे. आठवड्यातला तो एक सुट्टीचा दिवस, त्या दिवशीही ती चिखलाने माखून संध्याकाळी परत यायची आणि वर भलती खूश असायची. शेवटी एकदा त्यांनी मान खाली घालून विचारलं, की मी आलो तर चालेल का.

तिने हातातली कात्री खाली ठेवली. "एक रविवार देते. पण सबंध वाटेत मला एकही सूचना द्यायची नाही. 'जपून' हा शब्दसुद्धा नको. जमलं तर दर रविवारी या. नाही जमलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मास्तरांनी कबूल केलं आणि एक सायकल भाड्याने आणली. बायकोने त्यांच्यासाठी जुन्या सोफ्याचा फोम घालून एक खास पँट शिवली. ती घातल्यावर मास्तर बसलेत की उभे आहेत हे मागून ओळखू येईना. मास्तरांनी स्वतःची तयारी म्हणून पेपरमिंटच्या गोळ्यांची पिशवी खिशात टाकली. सूचना तोंडाशी आली, की एक गोळी आत टाकायची, असा त्यांचा बेत होता.

निघाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, की सायकलीच्या नावात डोंगर असला तरी वाटेत डोंगर कुठे नव्हताच. लोळत पडावं असे हिरवे चढउतार, मध्येच उंच झाडांचं गार रान आणि जिकडे वळावं तिकडे आडवी येणारी एक नदी. केमिस्टने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, की ब्रेक हाताने दाबायचे, दोन्ही एकदम, हळूहळू. मास्तरांनी मान डोलावली. स्वतःपुरतं त्यांना ते छान जमतही होतं. मुळांवरून, खड्ड्यांतून, ओढ्याच्या गोट्यांवरून ते हाताने ब्रेक लावत चालले होते. त्रास एकाच गोष्टीचा होता. बायको त्यांच्या पुढे होती.

ती वळणावर वेग कमी करत नव्हती. मास्तरांनी गोळी टाकली. नदीवरच्या दोन फळ्यांच्या साकवावरून ती हात न थरथरता गेली, मास्तरांनी दोन गोळ्या टाकल्या. पलीकडच्या रानात ती मागे वळून केमिस्टशी बोलू लागली, पुढे बघेचना, तेव्हा मास्तरांच्या दोन्ही गालांत मिळून इतक्या गोळ्या होत्या की त्यांना श्वास घेणंही अवघड झालं. पण शब्द फुटला नाही. मास्तरांना स्वतःचा अभिमान वाटला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं निम्मं पेपरमिंटचं होतं.

रान संपलं आणि लांबच लांब उतार लागला. उताराच्या तळाशी वाट डावीकडे वळत होती. जो वळणार नाही त्याच्यासाठी समोर दलदल पसरलेली होती, वरून अगदी हिरवी, मऊ, बेडकांनी भरलेली. बाकीची टोळी वळून पुढे गेली, केमिस्ट तेवढा खाली जाऊन थांबला. मग बायको निघाली. ती भराभर वेग घेऊ लागली आणि तिच्या सायकलचं मागचं चाक एका दगडावरून उडालं.

मास्तरांनी ते मागून बघितलं. पुढे गाडी, गाडीत शिकाऊ माणूस, समोर धोका. त्यांच्या मेंदूने काही विचार करण्याआधी उजव्या पायाने ब्रेक दाबला. पॅडल खाली गेलं. डाव्या पायाने क्लच दाबला. तेही गेलं. सायकल थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली, म्हणून घाबरून मास्तरांनी पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा क्लच दाबला. ब्रेक, क्लच, ब्रेक, क्लच. इतकी वर्षं ज्या पायांनी असंख्य गाड्या थांबवल्या, ते पाय आज जिवाच्या आकांताने सायकल हाणत होते. मास्तर बायकोच्या बाजूने असे गेले, की तिची वेणी उडाली.

मागून तिचा आवाज आला. "हाताने! अहो, हाताने! ब्रेक! ब्रेक! ब्रेक!"

मास्तर तेच तर करत होते. ते केमिस्टच्या समोरून गेले, वळण तसंच सोडून पुढे गेले आणि दलदलीत बरेच आत जाऊन थांबले. सायकल आडवी झाली, मास्तर मात्र उभे राहिले, कमरेपर्यंत. बेडूक गप्प झाले.

सोफ्याच्या फोमने आपलं काम चोख केलं. त्याने जवळपासचं सगळं पाणी पिऊन घेतलं आणि मास्तर जागच्या जागी रुतून बसले. केमिस्टने एक लांब फांदी पुढे केली. तो ओढू लागला, मास्तर हलेनात. काठावर उभी राहून बायको भराभर सूचना देऊ लागली. पाय झाडू नका. पुढे वाका. फांदी काखेत धरा. अहो, तिकडे नाही, इकडे बघा. तिचा आवाज पार चिरकला होता आणि मास्तर तोंडातल्या गोळ्यांसकट एकेक सूचना मुकाट पाळत होते. शेवटी ती क्षणभर थांबली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, "पँट सोडा."

मास्तरांनी केमिस्टकडे बघितलं. केमिस्टने सभ्यपणे आभाळाकडे बघितलं. मास्तरांनी पँट सोडली आणि लगेच सुटले. पँट मात्र तिथेच उभी राहिली.

काठावर केमिस्टचा रेनकोट कमरेला गुंडाळून मास्तर बसले. सगळं संपलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सूचना एकही दिली नव्हती हे खरं, पण असला ताल केल्यावर कुठली बाई दुसरा रविवार देईल? त्यांनी गोळ्या गिळल्या. बायको शेजारी येऊन बसली.

"एवढी कसली घाई झाली होती?" तिने विचारलं. "मला मागे टाकायचं होतं?"

"ब्रेक दाबत होतो," मास्तर म्हणाले.

"पायाने?"

"पायाने."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. दगडावरून उडालीस ना." मास्तरांनी रेनकोट गुडघ्यावर ओढून घेतला. "तोंड बंद ठेवलं होतं. पण पायांचं काही ठरलं नव्हतं आपलं."

ती हसली नाही. केमिस्ट तिकडे फांदीने पँट बाहेर काढायचा प्रयत्न करत होता, ते बघत बसली. मग हळूच म्हणाली, की मघाशी मी ओरडले, तो आवाज मला ओळखीचा वाटला. चौकात ऐकला होता.

"त्या दिवशी घाबरला होतात का तुम्ही?"

"सिग्नल हिरवा होता," मास्तर म्हणाले, "पण पलीकडून येणारा ट्रक थांबेल असं वाटेना."

"मग तसं सांगायचं होतं."

"तेवढा वेळ नव्हता. मला फक्त 'ब्रेक' म्हणता येतं."

आता मात्र तिला हसू आवरेना. ती हसता हसता गवतावर आडवी झाली आणि मास्तरही हसू लागले. बेडकांनी पुन्हा सूर धरला.

दुसऱ्या रविवारी सकाळी खुर्चीवर नवी पँट ठेवलेली होती. या खेपेला फोम नव्हता. मागच्या बाजूला मात्र मास्तरांच्याच गाडीवर असते तशी शिकाऊची पाटी शिवलेली होती, पांढऱ्या चौकोनात लाल 'एल', चारही बाजूंनी दुहेरी टीप मारून. आजपासून तुम्ही पुढे आणि मी मागे, असं बायकोने जाहीर केलं. मागून तिला मास्तर नीट दिसले असते आणि मास्तरांच्या पायांना दाबायला काही कारण उरलं नसतं.

मास्तर निघाले. केमिस्टला नमस्कार केला, साकव ओलांडला, रान पार केलं. उताराच्या तोंडाशी त्यांनी दोन्ही हात ब्रेकवर ठेवले, पाय सैल सोडले आणि सायकल खाली जाऊ दिली.

"जपून," मागून आवाज आला.

मास्तरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली आणि हळूहळू, दोन्ही एकदम, ब्रेक दाबले.