विमान कोणाकडे आहे?

त्या घरात दूध कधी उतू जात नसे. घरातली माणसं फार शिस्तीची होती अशातला भाग नाही. बाबा पायमोजे फ्रिजवर विसरायचे आणि आई डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायची. पण दुधाला एक नियम होता, आणि तो नियम आईने आकाशातून आणला होता.

आई शाळेत भूमिती शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी विमान उडवायची. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. रीतसर परवाना आणि चौघं बसतील एवढं, एका पंख्याचं, बरंच जुनं विमान. वाऱ्यावर तरंगत जाणारी रुईची म्हातारी असते ना, तिच्यावरून घरात त्याचं नाव पडलं होतं ‘म्हातारी’. म्हातारीला पुढे दोन स्टिअरिंग होती, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि एक हललं की दुसरंही हलायचं. त्यामुळे विमान नक्की कोण चालवतंय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून वैमानिक ते तोंडाने बोलतात. घेणारा म्हणतो, "माझ्याकडे." देणारा म्हणतो, "तुझ्याकडे." घेणारा पुन्हा म्हणतो, "माझ्याकडे," आणि तेव्हा कुठे देणाऱ्याने हात सोडायचे. मान डोलावलेली चालत नाही. ‘हं’ केलेलंही चालत नाही.

बाबांकडे परवाना नव्हता, पण आईला पाणी प्यायचं असलं की शेजारी बसून तेवढ्यापुरतं विमान सरळ धरणं त्यांना जमायचं. तो नियम त्यांना इतका आवडला की त्यांनी तो थेट स्वयंपाकघरात उतरवला. "दूध माझ्याकडे." "दूध तुझ्याकडे." मग दुधाची काय बिशाद. लेक झाली तेव्हा तीही अशीच हातातून हातात गेली. आत्या म्हणायची, "हे घर आहे की कंट्रोल टॉवर? आणि त्या पोरीला एकदा तरी खाली ठेवा, तिला चाकं आहेत का बघू."

तर अशा घरात एका रविवारी दूध उतू गेलं.

आई ओट्याशी उभी होती. बाबा आईच्या शेजारी उभे होते. दोघांच्या डोळ्यांदेखत साय फुगली, कडेवर आली आणि सरळ शेगडीवर उतरली. दोघांनी एकदमच हात पुढे केला, एकदमच मागे घेतला.

"मला वाटलं, तुझ्याकडे आहे," बाबा म्हणाले.

"मला वाटलं, तुझ्याकडे," आई म्हणाली.

लेक दारात उभी राहून हे बघत होती. तिला घरात ठिणगी म्हणत, कारण ती बोलायला लागली की कुठे ना कुठे पेट घ्यायचाच. शाळेत तिचं तोंड बंद करायला दोन बाई लागत. पण गेले काही दिवस याच एका विषयावर तिच्या तोंडाला कुलूप होतं.

विषय असा. शहराच्या कडेला जे छोटं विमानतळ होतं, तिथे आता मोठ्या विमानांना जागा हवी होती. छोट्या विमानांनी महिनाअखेरीला गाशा गुंडाळायचा होता. शहरात दुसरीकडे जागा नव्हती. म्हणजे एक तर म्हातारी विकायची, नाहीतर तिला दूरच्या एका लहान शहरात न्यायचं. तिथे आकाश मोकळं, विमान ठेवायचं हँगर रिकामं, आणि योगायोग बघा, तिथल्या शाळेला गणिताच्या बाई हव्या होत्या.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "तिकडे घरं मोठी असतात म्हणे." आई म्हणाली, "तिकडे बाल्कनीत कामाचं टेबल मावेल तुझं." झालं. दुसऱ्या दिवसापासून दोघं ‘तिकडे गेल्यावर’ असं बोलायला लागली. तिकडे गेल्यावर पडदे बदलू. तिकडे गेल्यावर सायकल घेऊ. जायचं का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ती गाडी मधलं स्टेशन न घेताच पुढे गेली.

ठिणगीने मात्र चौकशी केली होती. ती आधी बाबांच्या कार्यशाळेत गेली. बाबा दात करायचे. दंतवैद्य माप पाठवत आणि बाबा मेण, प्लास्टर आणि बारीक ब्रश घेऊन एकेक दात असा घडवत की तोंडात बसल्यावर तो शेजाऱ्यांत मिसळून जाई. या कामासाठी शहरातले जवळपास सगळे दंतवैद्य त्यांच्याकडे येत. त्या दिवशी ते एका दाताला पिवळसर छटा देत होते.

"बाबा, तुला जायचंय?"

"आईचं ठरलंय ना."

"तिने तुला विचारलं?"

"त्यात विचारायचं काय? म्हातारी विकली तर तुझी आई अर्धी होईल." त्यांनी दात उजेडात धरला. "मी काय, दात कुठेही करीन. माणसं तिकडेही चावतातच."

विनोद केला, पण हसले नाहीत. ब्रश मात्र पुन्हा त्याच जागी फिरवला, जिथे रंग आधीच बसला होता.

मग ती आईकडे गेली. आई वह्या तपासत होती.

"मी तुझ्या बाबासाठीच तयार झाले," आई म्हणाली. "त्याला या गोंगाटाचा वीट आलाय. त्या दिवशी म्हणाला नव्हता का?"

"वरच्या मजल्यावर फरशा फोडत होते तेव्हा म्हणाला, आई. तेव्हा तर मीही जंगलात जाईन म्हणाले होते."

एका मुलाच्या त्रिकोणावर आईने इतका वेळ लाल पेन धरून ठेवलं की कागदावर ठिपका पसरला.

ठिणगीला दोन्हीकडचं कळलं आणि तिथेच ती अडकली. एक वाक्य बोललं की आईचं आकाश जाणार होतं, दुसरं बोललं की बाबांचं टेबल, त्यांचे दंतवैद्य, त्यांचं सगळं हातात बसलेलं काम. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही शहाणी. आगीशी खेळायला ती भिणारी नव्हती, पण आपल्याच घराला काडी कोण लावणार?

शनिवारी सकाळी तिघं म्हातारीत बसली. बेत असा होता की विमान लहान शहराच्या हँगरमध्ये ठेवायचं, घरांच्या दलालाने सुचवलेलं घर बघायचं, आवडलं तर होकार द्यायचा, आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. आई डावीकडे, बाबा उजवीकडे, ठिणगी मागे, तिघांच्या कानांवर हेडफोन. म्हातारी नेहमीसारखी कुरकुरली, धावपट्टीवर थरथरली, आणि मग एकदम हलकी झाली. खाली शहर आडवंतिडवं पसरलं. आई प्रत्येक वेळी या क्षणी जीभ किंचित बाहेर काढायची, लहान मुलं चित्र रंगवताना काढतात तशी. आजही काढली. बाबांनी ती पाहिली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

शहर मागे पडलं. मग आईने नकाशा मांडीवर उलगडला. तो उलटा होता. तो फिरवता फिरवता ती म्हणाली, "घे जरा."

बाबांनी मान डोलावली. त्यांच्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसरा मांडीवर होता.

"त्या घराला बाल्कनी पश्चिमेला आहे," आई नकाशातून म्हणाली. "दुपारभर ऊन येईल. तुझं मेण वितळेल का रे?"

"चालेल."

"चालेल म्हणजे?"

"चालवून घेईन."

"असं काय बोलतोस? तुलाच हवी होती ना बाल्कनी?"

"मला? मी कधी म्हणालो? तूच म्हणालीस, टेबल मावेल."

"मी तुझ्यासाठी म्हणाले."

"आणि मी तुझ्यासाठी हो म्हणालो."

ठिणगी मागून दोघांच्या मानांकडे बघत होती. दोन्ही ताठ. मग तिची नजर खाली गेली. आईचे दोन्ही हात नकाशावर होते. बाबांचा एक हात बाटलीवर, दुसरा मांडीवर. दोन्ही स्टिअरिंग मोकळी होती आणि हळूहळू, अगदी लाजत लाजत, डावीकडे वळत होती. खिडकीतली जमीन तिरकी झाली होती. उंचीचा काटा मागे सरकत होता, कुणाला त्रास नको म्हणून दबक्या पावलांनी निघालेल्या पाहुण्यासारखा. म्हातारी इतकी समजूतदार की दोघांपैकी कुणालाच काही कळू न देता ती खाली निघाली होती.

ठिणगी पुढे वाकली आणि स्पष्ट बोलली.

"विमान कोणाकडे आहे?"

दोन माना वळल्या, आणि चार हात एकदम पुढे झेपावले. क्षणभर दोघंही स्टिअरिंग ओढत होती, एक इकडे, एक तिकडे. म्हातारी हिसका बसून थरथरली आणि बाटली ठिणगीच्या पायाशी येऊन आदळली.

"माझ्याकडे," आई म्हणाली. आवाज वर्गातला होता.

बाबांनी हात उचलले. "तुझ्याकडे."

"माझ्याकडे."

जमीन सरळ झाली. काटा पुन्हा चढायला लागला. पुढचा सगळा प्रवास हेडफोनमध्ये फक्त तिघांचे श्वास ऐकू येत होते, आणि त्यातला एक अजूनही ठिकाणावर आला नव्हता. तो आईचा होता.

लहान शहराचं विमानतळ म्हणजे एक पट्टी, एक हँगर, कापलेलं गवत आणि भरपूर वारा. दलाल किल्ल्यांचा जुडगा वाजवत हजर होता. "या या, घर बघून खूश व्हाल," तो लांबूनच म्हणाला. आईने त्याला हात करून थांबवलं आणि तिघं म्हातारीच्या पंखाच्या सावलीत उभी राहिली. आईने दोन्ही हात बगलेत दाबून धरले.

"इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं," ती म्हणाली.

"मी मान डोलावली," बाबा म्हणाले. "चूक माझी."

"मी ऐकून घ्यायला थांबले नाही. चूक माझी. आणि फक्त विमानाचं नाही रे. तुला या शहरात यायचंय असं मी धरून चालले. कारण तसं धरलं की मला काही मागावं लागत नव्हतं. मी आपली त्यागमूर्ती."

"त्यागमूर्ती मी होतो," बाबा म्हणाले. "एका घरात दोन कशा चालतील?"

ठिणगीला हसू आलं, पण ते घशातच राहिलं, कारण आई हसली नव्हती. तिने बगलेतून हात काढले आणि बाबांच्या समोर उभी राहिली.

"हे माझ्याकडे," ती म्हणाली. "मला यायचंय. मला उडायचंय, आणि उडणं बंद झालं तर मी वाईट बायको होईन, वाईट आई होईन आणि वाईट बाईही होईन, वर्गातली. आता विचारते. तू येशील?"

वाऱ्याने पंखाची पट्टी खडखडली. दलाल लांब उभा राहून किल्ल्या मोजल्यासारखं करत होता.

"नाही," बाबा म्हणाले. शब्द लहान होता, पण बाहेर यायला त्याला वेळ लागला. "माझे हात तिथे बसलेत. इथे मी पुन्हा शिकाऊ होईन. ते मला झेपणार नाही."

आईने मान डोलावली. मग आठवून म्हणाली, "ऐकलं." डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. वाऱ्यावर सोडून दिले.

मग ती हँगरकडे गेली. दलालाला सांगितलं की घर नको, आणि हँगरवाल्याला सांगितलं की जागा हवी. म्हातारी इथे राहील. आई महिन्यातून एकदा-दोनदा रात्रीच्या बसने येईल, दिवसभर उडेल आणि पुन्हा रात्री परत जाईल. ठिणगीची शाळा संपली की दोघं पुन्हा समोरासमोर उभी राहून विचारतील. हे ती बाबांना सांगत होती तेव्हा तिचा आवाज सपाट होता, गणित बरोबर आलं पण उत्तर आवडलं नाही असा.

"तेव्हाही मी कदाचित नाहीच म्हणेन," बाबा म्हणाले.

"तेव्हा तसं म्हण. तोंडाने."

दलालाचा चेहरा उतरला. बाबांना त्याची कणव आली असावी, कारण त्यांनी त्याच्या पुढच्या दाताकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "हा कुणी बसवला तुम्हाला? छटा चुकलीय." त्यामुळे तो जास्तच उतरला.

संध्याकाळची बस खच्चून भरली होती. आईला खिडकी मिळाली, तिच्या शेजारी ठिणगी, मधल्या वाटेपलीकडे बाबा. आईच्या मांडीवर हेडफोन होता. तो ठेवून यायचं तिला सुचलं नव्हतं, किंवा जमलं नव्हतं. विमानाने कापलं ते अंतर बसला काही केल्या सरेना. घाटात वळणं लागली आणि ठिणगीला दिसलं, डावं वळण आलं की आईचं डावं पाऊल, विमान वळवताना पायडल दाबतात तसं, बसच्या पत्र्यावर दाबलं जातंय. उजवं आलं की उजवं. डोळे मिटलेले, पण पाय उडत होते. बाबांनाही ते दिसत होतं. ते बघत होते, आणि दोघांच्या मध्ये बसून ठिणगीला ते सहन होईना.

"आई, पुढच्या वेळी मी येऊ?"

"सात तास आहेत बसमध्ये."

"मग येऊ ना?"

"ये."

"मलाही विचारा की कुणीतरी," पलीकडून बाबा म्हणाले.

"विचारलं होतं," आई डोळे न उघडता म्हणाली. "तू नाही म्हणालास."

"घर बदलायला नाही म्हणालो. बसबद्दल कुणी काही विचारलं नाही."

आईने डोळे उघडले. वळण आलं होतं, आणि तिचं पाऊल अर्ध्यातच थांबलं.

"येशील?" तिने विचारलं.

बाबांची मान डोलावायला निघाली होती. मध्येच सावरली.

"येईन," ते म्हणाले.