पहिल्या चौकटीतली टिक

मी एक शोधनिबंध बोलतोय. लगेच पान उलटू नका. आमच्यासारख्यांना लिहिणाऱ्याशिवाय फारसं कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पोटात पाळणे आहेत, चांगले एकतीस.

ते रचले अन्नपूर्णाबाईंनी. चौथी शिकलेल्या, लग्न होऊन वर्ध्याकडून भिलाईत आल्या. नवरा कृष्णराव तिथल्या स्टील प्लँटमध्ये क्लार्क. क्वार्टरमध्ये पोरं निजवताना त्या मनानंच ओळी जुळवायच्या: "नीज माह्या राजा, भोंगा झाला रे, बाप तुहा सायकलनं आला रे." कागदावर यातलं काही नव्हतं.

म्हातारपणी त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. सून प्रांजली कॉलेजात शिकवते. ती घाबरली. मोबाइल समोर ठेवून रोज दुपारी एकेक पाळणा तिनं टिपून घेतला, आणि त्यातून माझा जन्म झाला. अंगावर इंग्रजी झूल आणि तळटिपा, पण पाळणे जसेच्या तसे. मला माझा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

परदेशातल्या एका नियतकालिकानं मला पसंत केलं आणि कॉपीराइटचा फॉर्म पाठवला. त्यात दोन चौकटी होत्या. पहिली म्हणत होती, सर्व हक्क प्रकाशकाला दिले. दुसरी म्हणत होती, हक्क लेखिकेकडेच राहतील आणि नाव देऊन कुणीही मला वाचावं, छापावं.

"फॉर्म मले दाखव," कृष्णराव म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी फॉर्मच हाताळले होते. "पहिलीवर टिक कर, बेटा. कागद त्यायच्या रेकॉर्ड रूममंदी राहीन. घरी ठेवला तं दीमक खाते."

"पण बाबा, आपले हक्क?"

"जमा केला म्हणून काय कागद आपला नाही राहत? माही सर्विस बुक छत्तीस वर्षं ऑफिसातच होती ना? कापी लागली तं अर्ज करू."

प्रांजलीपुढे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. तिनं टिक केली. पाळण्यांचे हक्क देण्याच्या संमतिपत्रावर कृष्णरावांनी पेन्सिलनं फुली मारून दिली, आणि अन्नपूर्णाबाईंनी जिभेचं टोक दातात धरून तिथं सही केली. मला ओरडावंसं वाटलं. पण कागदाचं कोण ऐकतं?

तेव्हापासून मी कुलपात आहे. संकेतस्थळावर माझा सारांश तेवढा दिसतो, पुढे पैसे भरल्याशिवाय दार बंद.

मग भिलाईच्या मराठी मंडळाच्या बेबीताई आमच्या स्मृति नगरातल्या घरी आल्या. "काकू, गणपतीच्या स्मरणिकेत तुमचे पाळणे छापतो. नावासकट, फोटोसकट."

अन्नपूर्णाबाई लाजल्या. लग्नपत्रिकेनंतर त्यांचं नाव कुठं छापलंच नव्हतं. बाकी सगळं विसरत होत्या, पण रोज सकाळी विचारायच्या, "छापलं का जी?"

कृष्णरावांनी फॉर्म काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. प्रकाशकाच्या परवानगीशिवाय आता एकही पाळणा कुठं छापता येणार नव्हता.

"बाबा, छापून टाकू," प्रांजली म्हणाली. "इथली स्मरणिका तिकडे कोण पाहून राहिलं?"

"सही हाये, बेटा. तुही बी, तिची बी. सही करून मी कधी फिरलो नाही."

त्यांनी परवानगीचा अर्ज पाठवला. मग आठवण पाठवली. मग आणखी एक. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: विनंती विचाराधीन आहे. ही ओळ त्यांनी स्वतः हजारदा टाइप केली होती. तिचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

पावर हाउस भागातल्या प्रेसनं शेवटच्या दिवसापर्यंत दोन पानं कोरी ठेवली. मग तिथं शुभेच्छा छापल्या. अन्नपूर्णाबाईंनी स्मरणिका पुढून मागून चाळली, मिटून ठेवली, आणि नंतर कधी विचारलं नाही.

आज प्रांजलीनं स्वतःजवळची माझी प्रत छापून आणली आहे. घरात वाचायला कुणाची मनाई नाही. कृष्णराव बायकोजवळ बसून मोठ्यानं पाळणे वाचताहेत. ती मान डोलावते आहे.

"गोड हाये जी. कोनाचे व्हय?"

"तुहेच, अन्नपूर्णे."

"चला! मले कुठं येते असं? नाव दाखवा बरं."

ते माझी बावीस पानं उलटताहेत. प्रांजलीचं नाव आहे. पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, मालक म्हणून प्रकाशकाचं आहे. आणि अन्नपूर्णाबाई? शोधनिबंधांच्या रीतीप्रमाणे त्या माझ्यात 'निवेदक क्रमांक एक, स्त्री, वय ७९' आहेत.

म्हातारा पुन्हा पहिल्या पानापासून शोधू लागला आहे. ती वाट पाहते आहे. कुणीतरी पेन घ्या हो, आणि माझ्या समासात तिचं नाव लिहा. मला स्वतःला लिहिता येत नाही.