जागचा न हलणारा तारा

मुलांनो, मनातल्या मनात एक फणी घ्या. तिचे दोन-तीन दात पडलेले आहेत. ती रंगात बुडवून बाजूला ठेवा. पुढे लागणार आहे.

घड्याळजी गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून कुरकुरत होते. दुर्बिणीच्या तोंडाशी त्यांनी बारीक रेघांची काच बसवली होती. तिच्यातून बघितलं की ताऱ्याचा ठिपका लांबून इंद्रधनुष्याचा धागा होतो. त्या धाग्यात काळ्या रेघा असतात, आणि ताऱ्यात कोणते वायू आहेत ते त्या सांगतात. घड्याळजींना मात्र एकही रेघ दिसत नव्हती. शेजारच्या चष्मेवाल्याच्या फोटोत त्या लख्ख उमटल्या होत्या, आणि तो फोटो त्यांच्याच नातीने उशाशी ठेवला होता.

"चष्मेकाका भारी आहेत," नात म्हणाली.

"त्याची काच भारी आहे. माणूस नव्हे."

"काच तर त्यांनीच दिली तुम्हाला. अर्धी कापून."

घड्याळजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन महिने खपून त्यांनी दुर्बिणीला घड्याळाचं यंत्र जोडलं होतं. तारा सरकला की दुर्बीणही तेवढीच सरके. अभिजित नावाचा तारा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी राही. आणि तो चष्मेवाला? त्याची दुर्बीण सुतळीने स्टुलाला बांधलेली!

तेवढ्यात तोच जिना चढून आला. "काय घड्याळजी, सापडल्या का रेघा?"

"तुमच्यासारखं नशीब कुठलं आमचं!"

"नशीब कसलं हो! माझा तारा मेला एका जागी थांबत नाही. फोटोसाठी कॅमेरा दहा सेकंद उघडा ठेवला की आडवा पळतो. त्याने धाग्याचा पट्टा होतो, अन् पट्ट्यात रेघा दिसतात."

आता काढा ती फणी. कागदावर नुसती टेकवलीत, तर ठिपके. आडवी ओढलीत, तर पडलेल्या दातांच्या जागी कोऱ्या रेघा!

घड्याळजींना कळायचं ते कळलं. पण चाळीस वर्षं बंद घड्याळं चालू करणारा तो माणूस. चालतं घड्याळ थांबवायला, तेही चष्मेवाल्यासमोर, हात उचलेना.

"उद्या बघू. ढग आलेत."

"कुठे आहेत ढग?" नातीने विचारलं, आणि यंत्राच्या चाकावर अलगद बोट ठेवलं. टिकटिक थांबली. तारा सरकू लागला.

दुसऱ्या दिवशी रात्री काढलेला नवा फोटो आणि उशाजवळचा जुना, असे दोन फोटो तिने पाठीमागे अदलाबदल करून पुढे धरले. "ओळखा, तुमचा कुठला?"

घड्याळजींनी चष्मा चढवला. तोही चष्मेवाल्याच्याच दुकानातला. बराच वेळ निरखून एकावर बोट ठेवलं. "हा. रेघा बघ कशा, माझ्याच!"

नातीने फोटो उलटून पाहिला. मागे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चष्मेकाका'.

"बरोबर!" ती म्हणाली, आणि भरपूर डिंक लावून तो फोटो वहीत पक्का चिकटवून टाकला.