उजवं दार

दुपारी दोनला एन्कार्नासिओनच्या गल्ल्यांत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. सगळं गाव झोपलेलं, आणि सेवेराबाईंच्या अंगणात आंब्याखालच्या त्यांच्या गाडीत डोकं घालून बसलेला क्रिस्पिनही अर्धवटच जागा. गाडीची दारं उघडी होती. वाऱ्याने उजवं दार हललं, की चारही कुलपं टक करून वर यायची, पुन्हा टक करून खाली जायची. झोपेत गाडीला काहीतरी आठवत असावं.

"काय हो मिस्त्री, आज चौथी दुपार," सेवेराबाईंनी तेरेरेच्या, इथल्या गार चहाच्या, पाल्यावर पाणी ओतून शिंगाचा पेला पुढे केला. "आधीच्या दोघांनी निदान दोन दिवसांत हात टेकले होते."

"जुनी गाडी आहे, बाई. कलाकलाने घ्यावं लागतं."

ही चक्क थाप होती. गाडी जपानहून आलेली, उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे आणलेलं, इथल्या निम्म्या गाड्यांसारखंच. आधीच्या दोघांनी चालकाचं दार म्हणून डावं दार खोललं. कुलपांचा कारभार मात्र अजून उजव्या दारातूनच चालत होता. त्या दाराच्या बिजागरीजवळ रबरी नळीत एक तार तुटली होती, आणि म्हणूनच रिमोट दाबला तरी गाडी धड बंद होत नव्हती. क्रिस्पिनने हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तासाभराचं काम.

पण त्या तासानंतर काय? बायको गेल्यापासून सहा वर्षांत कुणी त्याच्या हाती असा पेला दिला नव्हता. गाडी दुरुस्त झाली की इथे यायचं निमित्त संपणार, आणि बिननिमित्त यायची त्याची छाती नव्हती. पेला परत देताना 'आभारी आहे' म्हटलं, की तेरेरे संपला, पुढचा पेला येत नाही. ते शब्द तो रोज ऊन उतरेपर्यंत लांबवायचा आणि मग जड जिभेने म्हणायचा.

"मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही," सेवेराबाई म्हणाल्या, "पण डोळे आहेत. कुलपं उडतात ती उजवं दार हललं की. आणि तुम्ही चार दिवस डाव्या दारात!"

क्रिस्पिनचे कान तापले. तो उजवीकडे गेला, नळी सरकवली, तार जोडली, डाग दिला. पुन्हा वारा आला, दार हललं. कुलपं गप्प राहिली. त्याला एकदम पोरकं वाटलं. दारं लावून त्याने रिमोट दाबला. चारही कुलपं एकदम खाली गेली.

"झालं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच होणार होतं, बाई. मीच लांबवलं."

"ठाऊक आहे." त्यांनी पेला भरून दिला. "आता आभार माना आणि सुटा."

क्रिस्पिनने पेला तळापर्यंत ओढला. हत्यारांच्या पेटीकडे एकदा पाहिलं. मग काही न बोलता पेला त्यांच्या हातात परत दिला.

सेवेराबाईंनी पुन्हा पाणी ओतलं.