हे नाव आधीच आहे

घरात छळ सोसणाऱ्या बायकांना सल्ला देणारी वेबसाइट दादाने बनवली होती. कामाबद्दल घरी बोलायचं नाही अशी अट होती, ती त्याने पाळली. नोंदणीच्या पानावर कुणी टोपणनाव लिहिलं, की बटण दाबायच्या आधीच ते डेटाबेसमध्ये शोधलं जायचं आणि सापडलं तर खाली लाल अक्षरांत यायचं: हे नाव आधीच आहे. बायकांचा वेळ वाचतो म्हणून स्वारी या सोयीवर भलतीच खूश होती.

साइटची चाचणी घेणाऱ्या बाईंनी मात्र नाक मुरडलं. इथे कोण येऊन गेलंय हे बाहेरच्या कुणालाही कळेल, असं त्यांचं म्हणणं. नावं लिहून बघत बसायला एवढं रिकामटेकडं कोण आहे, असं दादाने भर मीटिंगमध्ये विचारलं. सगळे हसले आणि सोय तशीच राहिली. हुशार माणसाला शहाणपण सांगायचं म्हणजे मोठं कठीण काम.

साइट सुरू होऊन महिना झाला. एका दुपारी तपासणीसाठी दादाला, तिथे नक्की नसेल असं एखादं नाव हवं होतं. त्याने धाकट्या बहिणीचं लिहिलं: भिंगरी७. शाळेपासून ती सगळीकडे हेच लावायची, अख्ख्या घराला ते पाठ होतं.

लाल ओळ आली.

बहीण दोनदा सासरहून त्याच्याकडे रडत आली होती आणि दोन्ही वेळा, थोडं सांभाळून घे, म्हणत त्याने तिची बोळवण केली होती. मग त्याच्या ध्यानात आलं, ते नाव तिच्या नवऱ्यालाही पाठ आहे.

त्याने बहिणीला फोन लावला. ती रविवारपासून मैत्रिणीकडे होती, ओठाला दोन टाके घालून. संशय आला म्हणून नवऱ्याने तिला शेजारी बसवून एकेका साइटवर तिचं नाव लिहून पाहिलं होतं.

"पासवर्ड कुणाला दिला नव्हता रे मी," ती म्हणाली. "त्या पानानेच सांगितलं त्याला. तुला यातलं कळतं ना? त्या लोकांना सांगशील? माझं झालं ते झालं, पण बाकीच्या बायका आहेत तिथे."

ते पान माझंच, हे शब्द दादाच्या ओठांवर आले आणि तिथेच अडले.

"सांगतो," तो म्हणाला.

"बरं झालं तुझ्याशी बोलले," ती म्हणाली. "उगाच घाबरत होते तुला."