पहिल्या भांडणाचं कारण

पडद्यावर दुसऱ्याच कुणीतरी ओठ हलवायचे आणि त्या ओठांत आपण आपला आवाज बसवायचा, या कामात तो इतका मुरला होता की समोरच्यानं तोंड उघडताच त्याचं वाक्य कुठे जाऊन संपणार याचा त्याला अंदाज यायचा, आणि मग बायकोच्या वाक्याचं शेपूट तिच्याआधी पकडून तो तिला हटकून चिडवायचा. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारायची तिला इतकी सवय झाली होती की घरी नवा पडदा लावतानाही तिच्या तोंडून तेच यायचं, आणि तो खुर्चीत बसल्या बसल्या "किंचित धूसर, डॉक्टर," असं गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

अशा हसत्याखेळत्या घरात एक परदेशी विज्ञानपट शिरला. अंतराळातून बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला माणूस. घर तेच, बायको तीच, खुंटीवरचा कोटसुद्धा तोच, आणि तरीही हे सगळं खरं की आपल्याच डोक्यातून उचलून कुणी समोर मांडलंय, हे त्याला काही केल्या ठरवता येत नाही. त्या माणसाला आवाज यानं द्यायचा होता. सरावाला बायको नायिकेचे संवाद वाचायची. एका सकाळी कॉफी पिता पिता तिनं वाचलं, "खरं सांग, तू कोण आहेस?" आणि कागद बाजूला ठेवून ती हसायलाच लागली.

"असं कुठली बायको विचारते? मी असते तर सरळ विचारलं असतं, सांग, आपल्या पहिल्या भांडणाचं कारण काय?"

"खिडकी," तो लगेच म्हणाला. "तुला उघडी हवी होती, मला बंद."

"काहीतरीच काय! उशी. माझी उशी तू न विचारता घेतलीस."

"उशी? शक्यच नाही. ती खिडकी मला अजून डोळ्यांसमोर दिसतेय."

"मलाही ती उशी दिसतेय. निळी होती."

दोघंही हट्टाला पेटली. शेवटी तिनं आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला, कारण लग्नानंतर काही दिवस ती दोघं तिच्याकडेच राहिली होती. ताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, भांडलात कुठे तुम्ही? मीच तर सगळ्यांना सांगत सुटले होते, की पठ्ठे अजून एकदाही भांडले नाहीत म्हणून."

फोन ठेवल्यावर दोघांना हसू आवरेना. एका भांडणाचे तीन साक्षीदार, आणि तिघांचीही शपथेवर सांगायची तयारी! त्या दिवशी तो कामाला गेला तेव्हाही त्याच्या ओठांवर तेच हसू होतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, अलीकडे हा एकटा. नायिकेचा आवाज कोण देतंय हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून घ्यायची तिथली पद्धतच होती. त्यानं कागदावर होते तेवढे संवाद नीट म्हटले, आणि काम आटोपलं.

चित्रपट तयार झाल्यावर सगळ्या मंडळींसाठी दुपारचा एक खेळ ठेवला होता. बायको दुकान बंद करून, ठेवणीतले कपडे घालून आली. घरी परतलेला नायक दिवाणखान्यात उभा होता, नायिका त्याच्यासमोर आली, आणि ती बोलली तेव्हा अंधारात यानं चटकन शेजारी पाहिलं. आवाज बायकोचा होता.

"सांग," नायिका म्हणाली, "आपल्या पहिल्या भांडणाचं कारण काय?"

परक्या भाषेत काहीतरी बोललेले तिचे ओठ या वाक्याशी इतके चपखल जुळत होते की ती मुळात हेच बोलली असावी असं कुणालाही वाटलं असतं. नायकानं तिच्याकडे पाहिलं. मग याच्या आवाजात, यानं कधीही न उच्चारलेलं उत्तर त्यानं दिलं.

"उशी. निळी."

"बघ!" बायको त्याच्या कानाशी लागून खुसखुसली. "मी म्हणत नव्हते?"

मध्यंतरात बायकोला घेऊन त्यानं रेकॉर्डिस्टला गाठलं. नायिकेचं काम कुणी केलं, असं त्यानं विचारताच रेकॉर्डिस्टला आधी ती थट्टाच वाटली. "अहो, वहिनींनीच नाही का! रोज दुपारी जोडीनं यायचात की. तुम्हाला दोघांना एकदा हसू फुटलं की थांबायचं नाही. किती रेकॉर्डिंग त्यापायी वाया गेलं! पण काम झकास झालंय हं, वहिनी."

"थँक्यू," बायको अगदी सहज म्हणाली.

खेळ संपला आणि दोघं बाहेर पडली. संध्याकाळचं ऊन दुकानांच्या काचांवर पडलं होतं आणि ती त्याच्या हातात हात घालून, नायिकेसारखी मान तिरपी करून चालत होती.

"तू तर दुपारी दुकानात असायचीस," तो म्हणाला.

"होतेच की. चांगली गर्दी असायची." ती जरा थांबली. "म्हणजे मला तरी तसंच आठवतंय."

"मग ते काम?"

"ते ना? बरं जमलं होतं की नाही, ते सांग आधी."

तिचा चेहरा इतका प्रसन्न होता की आपली शंका त्याला स्वतःलाच खुळचट वाटली. खिडकी असो नाहीतर उशी, हा हात तर ऊबदार होता. खरंच फार छान जमलं होतं, असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. कोपऱ्यावर त्यांनी फुलं घेतली, कुठली घ्यायची यावरून थोडी हुज्जत घातली, आणि जिना चढता चढता त्यानं पुन्हा तिच्या वाक्याचं शेपूट तिच्याआधी पकडलं.

त्यानं किल्ली काढली, पण हात कुलपापर्यंत गेलाच नाही. दाराला कुलूप नव्हतं. आत दिवा लागलेला होता, कपबशा वाजत होत्या, आणि एक बाई काहीतरी सांगता सांगता हसू न आवरून मध्येच थांबत होती. मग एका पुरुषानं तिचं वाक्य तिच्याआधीच पुरं केलं, आणि दोघंही खळखळून हसली.

विनोद खरोखरच चांगला होता. दाराबाहेर त्यालाही हसू आलं.

त्यानं बेलकडे हात नेला, तेव्हा बायकोनं तो अलगद धरला.

"थांब ना जरा," ती कुजबुजली. "किती मजेत आहेत दोघं."