वाइन रेड, हाय ग्लॉस

सिंकखालच्या कपाटाच्या डाव्या दाराची खालची कड जाडीला एकवीस पूर्णांक चार मिलिमीटर भरली. माधवीने व्हर्नियर कॅलिपरचे जबडे पुसले आणि पुन्हा मोजलं, एकदा मधोमध आणि एकदा दोन्ही टोकांना. टोकांना वीस पूर्णांक नऊ, मध्ये एकवीस पूर्णांक चार. दाराची वरची कड अजून अठराच होती. गेल्या मे महिन्यात हीच खालची कड एकोणीस पूर्णांक सहा भरली होती. तिने तारीख घालून आकडे वहीत उतरवले.

कॅलिपर तिने गेल्या वर्षीसारखाच यंदाही सुट्टी लागण्याआधी कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमधून मागून आणला होता. ती अमरावतीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि घरातल्या गोष्टी मोजत बसायची तिला सवय नव्हती. पण या दाराबद्दल ती काहीही बोलली की घरात सगळ्यांचं उत्तर एकच असे, "तुले वाटते तसं." म्हणून मोजायचं.

दार आता धड बंद होत नव्हतं. एका हाताने वर उचलून, गुडघ्याने दाबून ते बसवावं लागे, आणि हात सोडला की हळूच पुन्हा पुढे येई. लॅमिनेटचा लाल चकचकीत थर कडेपासून सुटला होता. त्याच्या मागे ओला, तपकिरी भुसा दिसत होता.

हॉलच्या खिडकीत कूलर घरघरत होता. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत इथे कोणाच्याच घरचा कूलर बंद होत नाही. बाहेर कोरडी आग आणि घरात ओल. मिठाच्या बरणीला पावसाळ्यापेक्षा मे महिन्यातच जास्त पाणी सुटतं. दोन वर्षांपूर्वी, किचनचं ठरत असताना, अकोल्याच्या दुकानात बसून तिने हेच सांगितलं होतं.

दुकान तिच्या थोरल्या दिरांचं, देवरावांचं. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. "दादा, खालच्या कपाटांना उकळत्या पाण्यात टिकणारं प्लायच लावा," ती म्हणाली होती. "आतूनबाहेरून साधं मॅट लॅमिनेट. फिकट रंग. आणि कडा चारी बाजूंनी सील करा. आपल्याकडे कूलर असतो, सगळी ओल घरभर फिरते."

देवराव हसले होते. "कूलर हॉलमधी, किचन तिकडे. हवेले काय पाय असतात का वं? अन् मॅट कोण पाह्यते आता? हाय ग्लॉस टाकू. वाइन रेड. असं चमकंल का तोंड पाह्यत पाह्यत भाजी चिरजो."

ललित, तिचा नवरा, मोठ्याने हसला होता. तीही हसली होती. ते आठवलं की आजही तिच्या कानांच्या पाळ्या गरम होत.

देवरावांना लाकूड कळत नसतं तर तिला इतका राग आला नसता. पण त्यांना कळत होतं. वडील वारले तेव्हा ते दहावीत होते. तेल्हाऱ्याहून अकोल्याला आले, आरागिरणीत फळ्या उचलल्या, मग रंधा हातात घेतला, आणि त्याच हातांनी ललितला इंजिनिअर केलं. मुठीतला भुसा नाकाशी नेऊन ते सागवान कुठल्या जंगलातलं ते सांगत. असा माणूस दुकानात प्लायचा तुकडा दाखवतो आणि घरी दुसरंच काही बसवतो, तेव्हा ती चूक नसते.

हे तिला गेल्या मे महिन्यात कळलं होतं. कपाटं बसवताना उरलेला एक चौकोनी तुकडा माळ्यावर पडून होता. तिने तो भगोन्यात घालून उकळत ठेवला. चांगल्या प्लायला त्याने काहीही व्हायला नको होतं. चाळीस मिनिटांनी झाकण काढलं, तर तुकडा चमच्याने उचलता येईना. वरचा लाल थर एकीकडे तरंगत होता आणि खाली नुसता लगदा. प्लाय नव्हतंच ते. भुसा डिंकात मळून दाबलेला बोर्ड होता.

ललितने भगोन्यात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "दादाले आताच नको सांगू."

"मग कधी?"

"सांगू ना. त्याच्या मनाले लागते. दिवाळीनंतर पाहू, दारंही बदलून टाकू."

दिवाळी झाली. संक्रांत झाली. दार फुगत राहिलं. ललितने फक्त एवढंच केलं, की 'दार जरा जड जाते' असं भावाच्या कानावर घातलं. त्या दिवशी देवराव त्यांच्याकडे जेवायला होते. रागावले की ते माधवीशी थेट बोलत नसत, ती समोर वाढत असली तरी ललितला मध्ये घालत. "सांग तिले," ते वरणात भाकर चुरत म्हणाले, "भांडे झाले का फडकं मारत जाय म्हना. दुकानातल्या डेमोले काही झालं का आजवर? बाया पानी सांडतात अन् नाव सुताराचं."

ललितने मान हलवली. तिने भाकरीची टोपली टेबलावर ठेवली, आपटली नाही, फक्त ठेवली, आणि आत जाऊन ओट्याच्या कडेवर दोन्ही तळवे दाबून उभी राहिली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण देवराव गिऱ्हाइकांना तिचं किचन दाखवायला आणत. महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी येई. "ही माझी भावसून. सायन्सची मॅडम आहे. तिनं पास केलं, तवाच लागलं," असं ते सांगत. ती चहा ठेवी. कोणी विचारलंच तर "चमकतं छान," एवढं म्हणे, कारण चमकायचं ते खरंच. प्रत्येक वेळी ती ठरवी, पुढच्या वेळी सांगायचं. असे पाच जण येऊन गेले.

त्यांतलं चांदूर रेल्वेचं एक शिक्षक जोडपं. त्यांनी हुबेहूब असंच करून घेतलं. मार्चमध्ये त्या बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडेही दारं फुगलीत का? आमचे हे म्हणतात, मीच पाणी सांडते."

माधवी म्हणाली होती, "नाही हो. आमचं ठीक आहे."

फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतलं होतं. दुपारच्या तासाला अकरावीच्या मुलांना शिकवताना तिला फळ्यावरचं समीकरण नीट पुरं करता आलं नव्हतं. तोवर तिचा राग देवरावांवर होता, थोडा ललितवर. त्या दिवसापासून त्यातला सर्वांत मोठा वाटा तिचा स्वतःचा झाला.

"माधवी!" ललित मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. "दादा येऊन राहिले. खालीच आहेत. गिऱ्हाईक आहे सोबत." त्याची नजर वहीवर गेली, मग कॅलिपरवर. "हे काय करून राहिली तू?"

"मोजतेय."

"ते दार लाव ना जरा."

"लागत नाही. तुला माहीत आहे."

ललितने एक स्टूल ओढून दारासमोर ठेवलं, त्यावर पाण्याची कॅन ठेवली, एक पाऊल मागे जाऊन पाहिलं आणि कॅन थोडी डावीकडे सरकवली. वही-कॅलिपर उचलून ड्रॉवरमध्ये टाकले. "तू काही बोलू नको, बस्स."

"आणि मला विचारलं तर?"

"तुले कोण काय विचारणार आहे?" तो म्हणाला आणि दार उघडायला गेला.

देवरावांबरोबर साठीच्या एक बाई होत्या. सुती साडी, पायांत कापडी बूट, खांद्याला पर्स आडवी. मनकर्णाबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नांदगाव खंडेश्वरला त्यांचं घर बांधून होत आलं होतं. देवराव त्यांना 'सिस्टर' म्हणत होते.

"पाह्या सिस्टर, दोन वर्सं झाले. हाय का फरक?"

मनकर्णाबाईंनी आधी बोट लावलं. लाल दारावर ठसा उमटला. त्यांनी तो पदराने पुसला, तर फराटा उमटला. "हे तं दिवसभर पुसतच राहा लागंल. रंग कोनता म्हनले?"

"वाइन रेड."

"वाइन? आमी पंचशीलवाले मानसं, दादा. आमच्या घरात कशी चालंल?"

देवराव खो खो हसले. "मंग सिस्टर, त्यालेच डाळिंबी म्हना!"

माधवीलाही हसू येणार होतं, पण आलं नाही. बाईंच्या हातात कागद होता, त्यावर त्यांनी स्वतः पेनाने कपाटांच्या जागा आखल्या होत्या. "बत्तीस वर्सं कॉर्टरमधी काढले, मॅडम," त्या माधवीला म्हणाल्या. "एक फडताळ, तेही गंजेल होतं. साखरेच्या डब्यात मुंग्या, मुंग्यांत मी. आता एकदाच करीन. मले मरेस्तोवर पुरलं पायजे."

"पुरते ना!" देवराव म्हणाले. "तुमच्या नातवायच्या लग्नाले पुरंल."

मनकर्णाबाईंनी वरचं एक कपाट उघडलं, टाचा उंच करून आत डोकं घातलं आणि तशाच थांबल्या. मग डोकं बाहेर काढून दुसरं उघडलं. त्यातही वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी मनगटाने टिपलं.

"हा वास मले मालूम आहे."

"नव्या फर्निचरचा आहे, सिस्टर."

"दोन वर्सं झाले म्हनता, अन् नवा?" त्यांनी पुन्हा नाक आत घातलं. "ऑपरेशनमधी गाठ काढली का बाटलीत घालून तपासाले पाठवत होतो आमी. झाकण लावता लावता डोये असेच झोंबत. फॉर्मॅलिन. हो का नाही, मॅडम?"

"काय बाप्पा सिस्टर!" देवराव पुन्हा हसले, पण या वेळी हसणं लवकर संपलं. "रिटायर झाल्या, तरी दवाखाना डोक्यातून गेला नाही तुमच्या."

"नाही गेला. जाऊ बी नये. मी मॅडमले विचारलं."

देवराव माधवीकडे वळले. आज त्यांनी ललितला मध्ये घेतलं नाही. "सांग वं यायले. तू तं केमिस्ट्रीवाली आहेस. सांग, हे काय फॉर्मॅलिन-फिर्मॅलिन म्हनून राहिल्या ते."

ती दर वर्षी शिकवत होती. युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून डिंक होतो, त्यात भुसा मळून बोर्ड दाबतात. त्या बोर्डाला ओल आणि उष्णता मिळत राहिली, की डिंक पुन्हा तुटू लागतो आणि फॉर्मल्डिहाइड हवेत सुटतं; तेच पाण्यात विरघळवलं की फॉर्मॅलिन. परीक्षेला यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. दोन वर्षं ती सकाळी सहाला याच कपाटांत डोकं घालून डबे काढत होती. डोळे झोंबत, ती कांद्याला दोष देई.

"चहा ठेव ना, माधवी," ललित म्हणाला. तो स्टुलाच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. आवाज हळू होता, विनवणीचा. "साखर कमी टाकजो."

"चहा नको मले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले उत्तर पायजे. मी हे लावू का नको लावू?"

देवरावांचे हात माधवीला दिसत होते. उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक आरागिरणीत गेलेलं. त्या बोटाचं ओझं या घरात सगळे वाहत होते, आणि लग्नानंतरची अठरा वर्षं तीही मान खाली घालून वाहत होती. बोट गेलं ते खरंच होतं. बाईंचे डोळे लाल झाले होते, तेही खरं होतं.

"माधवी," ललित पुन्हा म्हणाला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

तो झाला नाही. तिने त्याच्या दंडाला हात लावून त्याला बाजूला केलं, तसं एखाद्या अनोळखी माणसाला बसमध्ये करतात. मग ती देवरावांसमोर उभी राहिली, पण बोलली मनकर्णाबाईंकडे पाहून. आवाज चढला नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा एवढाच होता.

"फॉर्मॅलिनचाच वास आहे, ताई. हे प्लाय नाही, भुशाचा बोर्ड आहे. मी उकळून पाहिलाय, लगदा होतो. हे घेऊ नका."

"अवं, काय बोलून राहिली तू?" देवराव म्हणाले. "कोनापुढं बोलून राहिली?"

"तुमच्यापुढं, दादा," माधवी म्हणाली. "गेल्या मे महिन्यात बोलायला हवं होतं, आज बोलतेय. माझ्या घरातली ही सगळी कपाटं या आठवड्यात काढायची, आणि यापुढे इथे कोणालाही दाखवायला आणायचं नाही."